थापी हातात देताना

(सांगली येथे साहाय्यकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी पाळक नाही, वक्ताही नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत ३६ वर्षं गवंडीकाम केलेला माणूस आहे. आपल्या मदतीतून डोंगराकडच्या कातकरी वस्त्यांवरची मुलं बांधकाम शिकतात, त्याबद्दल बोलायला मला उभं केलं आहे. आधी माझी चूक सांगतो.

पहिल्या वर्षी आम्ही अठरा वर्षांवरची सहा मुलं घेतली. साताऱ्याजवळ एका भिंतीचं काम होतं. दहाव्या दिवशी सकाळी एकही हजर नाही. सगळे म्हणाले, "ही पोरं टिकत नाहीत." मीही तेच म्हणालो. मग वस्तीवर गेलो. एका मुलाची आई म्हणाली, "मिस्त्री, नऊ दिवस पोरानं घमेलीच उचलली. तेवढं तर तो वीटभट्टीवरही करतो. तिथं उचल मिळते आणि आम्ही सगळे सोबत असतो."

मला उत्तर देता आलं नाही. शिकवतो म्हणून नेलं आणि बिगारी करून ठेवलं. आणि भट्टीची उचल म्हणजे काय, हे आपण जाणता. दिवाळीनंतर कुटुंबच्या कुटुंब भट्टीवर जातं, पावसाच्या तोंडाशी परततं. उचल फिटली नाही, तर पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी.

तेव्हापासून आम्ही पद्धत बदलली. एका वस्तीवरची दोन मुलं एकत्र घ्यायची, म्हणजे एकटं वाटत नाही. दोघांमागे एक मिस्त्री. तिसऱ्या दिवशी थापी हातात द्यायची. रोज निदान तासभर ओळंबा, दोरी, गुण्या. आठवड्याचा पगार बाजाराच्या दिवशी, ज्याचा त्याच्या हातात. परांचीवर आधी मिस्त्री चढून बघणार, मग मुलं. हजेरीवही रोज भरायची. तिचं महत्त्व असं, की वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला असेल, तर कामगाराची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. वही नसेल तर घाम गाळल्याचा पुरावाच नाही.

जुने मिस्त्री सहज तयार झाले नाहीत. "कला देऊन टाकली तर आम्हाला कोण बोलावणार?" असं त्यांचं म्हणणं. त्यांची स्वतःची मुलं तर या कामात यायला राजी नाहीत. मी त्यांना माझ्या वडिलांचं सांगितलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. पुढे पडलेली घरं उभी करायला वडील पाटण खोऱ्यात गेले. ते सांगत, दगडमातीच्या भिंती बाहेरून जाडजूड होत्या. पण आतली आणि बाहेरची बाजू धरून ठेवणारे लांब दगडच त्यांत नव्हते. हादरा बसला आणि दोन्ही बाजू वेगळ्या झाल्या. म्हाताऱ्या मिस्त्रीची आणि पोराची गाठ पडली नाही, तर आपल्या धंद्याचंही तेच होणार.

कातकऱ्यांसाठी सरकारच्या जनमन योजनेतून पक्की घरं मंजूर झाली आहेत. ती कोण बांधणार? नहेम्यानं यरुशलेमेचा तट ५२ दिवसांत पुरा केला, तेव्हा कित्येकांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला होता. ज्याला त्या छपराखाली झोपायचं आहे, तो सिमेंट चोरत नाही आणि स्लॅबला पाणी मारायला विसरत नाही.

नऊ दिवसांत गेलेला तो मुलगा परत आला. गेल्या उन्हाळ्यात त्यानं एकट्यानं भिंत चढवली. मी ओळंबा सोडला, बोटभर फरक निघाला. मी काही बोललो नाही. त्यानं पाहिलं, वरचे चार थर स्वतः उतरवले आणि पुन्हा बांधले. त्या दिवशी तो गवंडी झाला.

आपल्याकडे माझी मागणी साधी आहे. हत्यारांचा एक संच द्या. नाहीतर घरी ओटा, कुंपण, संडास बांधायचा असेल, तर आमच्या मुलांना बोलवा. दर ठरवताना गवंड्याचा ठरवा, बिगाऱ्याचा नको. आणि चहा देताना त्यांचं नाव विचारा.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.