फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त



अध्यक्षांच्या भाषणात मराठीच्या भवितव्याची चिंता असावी लागते म्हणतात. सकाळपासून तिघांनी ती केली आहे आणि माझ्यापेक्षा चांगली केली आहे. मी लालबागची, आयुष्यभर पाचवी ते दहावीला मराठी शिकवलेली बाई. मला एका तासाबद्दल बोलायचं आहे. मुलं ज्या तासाला स्वतःवर कविता लिहितात, तो तास.

आधी छत्री. निबंधात आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून फाटक्या छत्रीचं आत्मवृत्त लिहून घेतलं. पडक्या किल्ल्याचं मनोगत घेतलं, आटलेल्या नदीचं घेतलं, शाळेच्या घंटेचं घेतलं. मी स्वतः काही हजार छत्र्या तपासल्या असतील. सगळ्या एकाच गाईडमध्ये फाटलेल्या. प्रत्येकीला मालकाने अडगळीच्या खोलीत टाकलेलं आणि प्रत्येकीने शेवटी जगाला क्षमा केलेली. लिहिणारा मुलगा राहायचा ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीत, १६० चौरस फुटांच्या खोलीत. तिथे अडगळीला वेगळी खोली कुठली? अडगळ आणि माणसं एकाच पलंगाच्या वरखाली. त्या मुलाला आपण छत्रीचं दुःख विचारलं, घंटेचं विचारलं. त्याचं स्वतःचं काही विचारायचं आपल्या अभ्यासक्रमात बसत नव्हतं.

मी नोकरीला लागले तेव्हा गिरण्यांचा संप सुरू होऊन दोन वर्षं उलटली होती. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते आणि त्यांतल्या कित्येकांची मुलं माझ्यासमोर बाकांवर. वर्षाच्या सुरुवातीला माहितीचा तक्ता भरून घ्यायचा असे. त्यात एक रकाना होता, ‘वडिलांचा व्यवसाय’. सातवीतला एक मुलगा तक्ता घेऊन टेबलाशी आला आणि म्हणाला, ‘‘बाई, काय लिहू?’’ मी म्हटलं, ‘‘गिरणी कामगार.’’ तो म्हणाला, ‘‘पण भोंगा होत नाही ना.’’ मी नवी होते, घाईत होते. म्हटलं, ‘‘मग रिकामं ठेव.’’ त्याने ठेवलं. त्या दिवशी मी गोळा केलेल्या तक्त्यांत तो रकाना अकरा जणांनी रिकामा सोडला होता. घरी नेऊन मोजले म्हणून आकडा लक्षात आहे.

पुढच्या आठवड्यात मी वर्गाला सांगितलं, तक्त्यात मावलं नाही ते वहीत लिहा. कविता म्हटलं कारण कवितेला ओळी तोकड्या चालतात आणि शब्दमर्यादा नसते. यापलीकडे माझ्याजवळ काही सिद्धान्त नव्हता. आजही फारसा नाही.

आपल्या या भागाला हे नवीन वाटायचं कारण नाही. कवी नारायण सुर्वे महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई होते, मग शिक्षक झाले. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून घरी नेलेलं ते अनाथ मूल. त्यांचा पहिला संग्रह १९६२ चा आणि दुसरा, ‘माझे विद्यापीठ’, १९६६ चा. जन्माचा दाखला ज्याच्यापाशी नाही त्याने आपला दाखला कवितेत लिहिला, असं मी मुलांना सांगत असे. त्यांची एक कविता इथे सगळ्यांना ठाऊक आहे: वेश्यावस्तीतली आई मुलाला शाळेत घालायला येते आणि गाडी बापाच्या नावाशी अडते. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव लागतं. रकाना बदलायला आपल्याला इतकी वर्षं लागली. कवितेने तो केव्हाच मोडला होता.

आता पद्धतीकडे येते, कारण मागच्या रांगेतले तरुण शिक्षक तेवढ्यासाठीच जागे आहेत.

इंग्रजी शाळांत अमेरिकेतून आलेला एक साचा चालतो. पहिल्या ओळीत नाव, दुसरीत स्वतःला लागू पडणारी चार विशेषणं, मग कोणाचा मुलगा, काय आवडतं, कशाची भीती वाटते, राहतो कुठे, आणि शेवटच्या ओळीत आडनाव. मी तो करून पाहिला. विशेषणांच्या ओळीत चाळीसच्या चाळीस मुलं प्रामाणिक, कष्टाळू, प्रेमळ आणि शूर निघाली. म्हणून पहिला नियम केला: विशेषण बंद. त्याऐवजी घरातला एक आवाज, एक वास आणि दप्तराच्या आतल्या कप्प्यातली एक वस्तू.

आडनावाची ओळ मात्र मी पहिल्याच वर्षी खोडली. अमेरिकेत आडनाव शेवटी आलं तर कविता मिटते. आपल्याकडे आडनाव आलं की शेजारच्या बाकावरचा मनात हिशेब मांडतो. कवितेच्या शेवटी नाव आणायला परदेशी साचा कशाला, आपल्याकडे अभंग आहे. शेवटच्या चरणात कवीचं नाव येतं आणि ते साधं, हाक मारायचं नाव असतं. तुकोबांचं आंबिले हे आडनाव किती जणांना पटकन आठवेल? चोखोबांनी जात सांगितली, पण ती स्वतःहून आणि जाब विचारायला. वर्गात ती कोणी काढून घ्यायची नसते. शिऊरच्या बहिणाबाईंनी तर सतराव्या शतकात आपलं अख्खं चरित्र अभंगांत सांगितलं, नवऱ्याच्या मारासकट. म्हणून माझ्या वर्गातली शेवटची ओळ ठरलेली: घरी मला काय म्हणतात.

लालबागच्या एका चाळीतल्या मुलाची वही मी जपून ठेवली आहे. त्याच्याच परवानगीने वाचते.

मी पोटमाळ्यावर झोपतो.
उठून बसलो की डोक्याला वासा लागतो
म्हणून मी पडूनच अभ्यास करतो.
खाली आजी खोकते, वर मी मोजतो.
परवा सत्तावीस झाले.
काल बारा.
मला सगळे पिंट्या म्हणतात.

यात विशेषण एकही नाही. आजीवर माझं प्रेम आहे, असंही कुठे लिहिलेलं नाही. परवाचे सत्तावीस आणि कालचे बारा, यांच्यामध्ये त्याला झोपताना काय वाटलं असेल ते आपल्याला कळतं. रसग्रहणात मी जे शिकवू शकले नव्हते ते या मुलाने मला आकड्यांत दाखवलं. आणि खरं सांगते, पहिल्यांदा वाचताना माझ्या हातातलं लाल पेन ‘यमक जुळवा’ असं लिहायला निघालं होतं.

आणखी एक युक्ती सांगते. न्यूयॉर्कच्या एका सरकारी प्राथमिक शाळेत केनेथ कोक नावाचा कवी १९६८ मध्ये मुलांना कविता लिहायला शिकवू लागला. १९७० ला त्याचं त्यावरचं पुस्तक आलं. तो ओळीची नुसती सुरुवात द्यायचा: मी आधी असा होतो, पण आता. ही सुरुवात परळमध्ये देऊन बघा. फिनिक्स मिलचा मॉल झालेल्या वस्तीत ‘आधी’ आणि ‘आता’ मुलांना समजावून सांगावे लागत नाहीत. एका मुलीने लिहिलं होतं की आधी खिडकीतून चिमणी दिसायची, आता समोरच्या टॉवरचे एसी दिसतात आणि त्यांचं पाणी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं. गिरणगावाच्या पुनर्विकासावर परिसंवाद पुष्कळ झाले; ते पाणी मला त्या वहीतच भेटलं.

आता माझ्या चुका. दोन सांगते.

मालवणच्या बाजूच्या एका मुलाने लिहिलं होतं, दारात पाऊल टाकलं की आजी विचारते, ‘खंय होतंस?’ मी ते खोडून ‘कुठे होतास?’ असं केलं, प्रमाणभाषेत. त्याने निमूटपणे तसंच उतरवून आणलं. सुवाच्य अक्षर, शुद्ध मराठी आणि आजी गायब. तेव्हापासून पहिल्या खर्ड्याला लाल शाई लावत नाही. आपल्या वर्गांत आता तेलुगू घरातली मुलं आहेत, भोजपुरी घरातली आहेत. घरातल्या माणसाच्या तोंडचं वाक्य त्याच माणसाच्या भाषेत राहू द्यावं.

दुसरी चूक मोठी. एका मुलीची आई मासळी विकायची. मुलीने लिहिलं की आईच्या हाताला सकाळी साबणाचा वास येतो आणि दुपारी बांगड्याचा, आणि तिला दुपारचा हात जास्त आवडतो. मला ओळ इतकी आवडली की न विचारता वर्गात मोठ्याने वाचली. मागच्या बाकावरून कोणीतरी नाक दाबून आवाज काढला. सगळा वर्ग हसला. मुलगी दोन दिवस आली नाही. आली तेव्हा तिने नवी कविता दिली: ‘मी प्रामाणिक, मी कष्टाळू.’ ती वाचताना मला जी लाज वाटली, ती इतक्या वर्षांत कमी झालेली नाही.

त्यानंतर दुमडलेलं पान सुरू झालं. वहीचं पान उभं दुमडलेलं असेल तर ते मी एकटीने वाचायचं, दोनदा दुमडलेलं असेल तर मीही नाही. वर्षात पाच-सहा पानं दोनदा दुमडलेली यायची. मी ती उघडली नाहीत. उघडायची इच्छा झाली नाही असं मात्र म्हणणार नाही. स्वतःवर कविता लिहायला लावणं म्हणजे मुलाच्या घरात डोकावणं नव्हे. हल्ली उपक्रमाचे फोटो काढून गटावर टाकायची पद्धत पडली आहे. त्यात मुलाच्या बापाच्या दारूवरच्या ओळीही जातात, झूम करून वाचता येतात. हे थांबवा. उपक्रमाचा पुरावा द्यायचाच असेल तर कोऱ्या फळ्याचा फोटो द्या.

आणि गुण देऊ नका. तोंडी परीक्षेत द्या, हस्ताक्षराला द्या, कुठेही द्या. मुलाला ‘तू कसा आहेस’ विचारून त्याला दहापैकी साडेसहा देणारा शिक्षक मला समजत नाही. अंतर्गत मूल्यमापनात बसवा म्हणून आग्रह होईल. बसवू नका. तासिका कमी पडते हे मला ठाऊक आहे. आठवड्यातली वीस मिनिटं, छत्रीच्या जागेवर.

आता आयोजकांना एक विनंती. दुपारी कविसंमेलन आहे. त्याआधीच्या वीस मिनिटांत सभागृहात प्रत्येकाला एक कोरा कागद द्या. शिक्षक, कवी, खुर्च्या लावणारी मुलं, सगळ्यांना. आठ ओळी लिहा. विशेषण नको, आडनाव नको, शेवटी घरचं नाव. कोणी गोळा करणार नाही. कागद दुमडायचा असेल तर दुमडा. माझा मी घरूनच लिहून आणला आहे, आणि तो दोनदा दुमडलेला आहे.