प्रार्थनेचा हेतु



इ. स. १७३९ सालीं वसईचा किल्ला पडला, पोर्तुगीज अंमल संपला आणि पुष्कळ पाद्री येथून निघून गेले. तरीहि आमच्या पूर्वजांचा विश्वास टिकला. घरोघरीं प्रार्थना नसती, तर तो टिकता काय?

परंतु प्रार्थना म्हणजे केवळ मागणें नव्हे. पवित्र ख्रिस्तसभा तिचे चार हेतु शिकविते: आराधना, उपकारस्मरण, पश्चात्ताप व याचना. पीक बुडालें, मूल आजारी पडलें, म्हणजे आम्हीं गुडघे टेकतों. संकट टळतांच रोझरीची माळ खुंटीवर जाते. चारांतील एकच हेतु तेवढा आम्हांस ठाऊक!

गेथशेमनी बागेंत प्रभु येशूनेंहि दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनविलें. तथापि पित्याच्या इच्छेपुढें मान लवविली. प्याला टळला नाहीं. पण देवदूतानें येऊन त्याला बळ दिलें. प्रार्थनेचें खरें फळ तें हेंच.

म्हणून या महोत्सवीं आम्हीं एवढाच निश्चय करूं: दिवेलागणीस घरचीं सर्व माणसें एकत्र जमून रोझरी म्हणूं, आणि कांहीं मागण्यापूर्वीं देवाचे उपकार स्मरूं. हें मंदिर आमच्या पूर्वजांनीं आम्हांस दिलें. प्रार्थना करणारें घर आम्हीं मुलांस देऊं. देव ही कृपा करो. आमेन.