टँकरच्या पाठीवरची पाटी



महामार्गावर आपल्या गाडीपुढे टँकर आला की आपण ओव्हरटेक कधी करता येईल, एवढंच बघतो. त्याच्या पाठीवरची पाटी कोणी वाचत नाही. चौकटीत काही आकडे, इंग्रजी अक्षरं आणि एका कोनावर उभा केलेला रंगीत चौकोन. आज त्या पाटीविषयी थोडं बोलायचं आहे. टँकरचालकांच्या प्रशिक्षणवर्गात मी बरीच वर्षं हाच विषय शिकवला.

आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये धोकादायक मालाच्या वाहतुकीचे स्वतंत्र नियम आहेत. अशा वाहनाच्या दोन्ही बाजूंना आणि मागे, अशा तीन ठिकाणी ही माहितीची पाटी असलीच पाहिजे. मालाचं नेमकं तांत्रिक नाव किमान ५० मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत, संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला क्रमांक त्याच्या दुप्पट उंचीच्या आकड्यांत, आणि धोक्याचं चित्र किमान २५० मिलिमीटरच्या चौकोनात. शिवाय आपत्कालीन सेवेचा आणि माल पाठवणाऱ्याचा किंवा जाणकाराचा दूरध्वनी क्रमांक. हे सगळं लांबून वाचता यावं, म्हणून मापंसुद्धा नियमातच दिली आहेत.

पेट्रोलच्या टँकरवर १२०३ दिसेल. क्लोरीन असेल तर १०१७, अमोनिया असेल तर १००५. हे क्रमांक जगभर तेच आहेत. लाल चौकोनावर ज्वाळा म्हणजे पेट घेणारा माल. पांढऱ्यावर कवटी म्हणजे विष. हातावर आणि धातूवर थेंब पडताना दाखवलेले असतील तर ॲसिडसारखा जाळणारा पदार्थ. निळ्यावर ज्वाळा दिसली तर फार जपायचं, कारण त्या मालाला पाणी लागलं की पेटणारा वायू सुटतो. भल्या हेतूनं ओतलेली बादलीसुद्धा तिथे घात करते.

पुष्कळ टँकरांवर आणखी एक छोटा संकेत असतो. पेट्रोलवर तीन, वाय, ई असं लिहिलेलं असतं. यातला तीन अग्निशमन दलाला सांगतो, फेस वापरा. वाय सांगतो, श्वसनयंत्र लावा आणि सांडलेला माल गटारात जाऊ देऊ नका. शेवटचा ई म्हणजे आसपासची माणसं हलवण्याचा विचार करा. बंब थांबेपर्यंत जवानांना निम्मं काम कळलेलं असतं.

एकदा वर्गात एका चालकानं विचारलं, "साहेब, आत काय भरलंय ते मला ठाऊक आहे. मग पाटी कशाला?" मी उत्तर देण्याआधीच मागच्या बाकावरचे एक वयस्कर चालक म्हणाले, "अरे बाबा, गाडी उलटल्यावर तू शुद्धीवर असशील कशावरून?" त्यानंतर मला फारसं सांगावं लागलं नाही.

पण सगळा भार चालकावर टाकून चालणार नाही. मालाची पूर्ण माहिती देणं ही माल पाठवणाऱ्याची जबाबदारी, ती चालकाला समजावून देणं वाहतूकदाराची. चालकानं ते लेखी माहितीपत्रक, ज्याला ट्रेम कार्ड म्हणतात, केबिनमध्ये हाताशी ठेवायचं आणि अपघात झाल्यास जवळच्या पोलीस ठाण्याला कळवायचं. त्याला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहितावाचता आली पाहिजे, असंही नियम म्हणतो. प्रत्यक्षात मी पाहिलेली कित्येक कार्डं इंग्रजीत, बारीक टाइपात, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली असत. पाट्यांवर चिखल, नाहीतर उडालेला रंग. कधी आधीच्या खेपेची पाटी तशीच. चुकीची पाटी ही पाटी नसण्याहून वाईट, कारण मदतीला येणारा तिच्यावर विसंबतो. आणि रिकामा टँकर निर्धास्त, हा गैरसमज तर सर्रास आहे. तळाशी उरलेल्या पेट्रोलची वाफ एका ठिणगीवर स्फोट घडवू शकते.

२७ ऑगस्ट २०१२ च्या रात्री केरळात कण्णूरजवळ चाला इथे स्वयंपाकाच्या गॅसचा टँकर उलटला. हा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत पसरत जातो. तो रस्त्याकडेच्या घरांपर्यंत पोचला आणि मग पेटला. वीस माणसं गेली. २५ जून २०१७ ला पाकिस्तानात बहावलपूर जिल्ह्यात पेट्रोलचा टँकर उलटला. लोक डबे, बाटल्या घेऊन सांडलेलं पेट्रोल भरायला धावले. आग भडकली आणि दोनशेहून अधिक माणसं मृत्युमुखी पडली. आपल्याकडेही टँकर उलटला की डबे घेऊन धावणारी गर्दी आपण पाहिलेली आहे.

तेव्हा असा प्रसंग आलाच तर जवळ जाऊ नका. वारा ज्या दिशेनं येतो आहे तिकडे आणि उंचावर सरका. इंजिन बंद करा, काडी ओढू नका. दूर गेल्यावर ११२ ला फोन करा आणि लांबून वाचता आले तर पाटीवरचे आकडे सांगा. ते चार आकडे वेळेवर पोचले तर बंबवाले तयारीनिशी येतील. आणि चालकबंधूंनो, गाडी काढण्यापूर्वी टायर ठोकून बघता, तसं एक ओलं फडकं त्या तिन्ही पाट्यांवरूनही फिरवा.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)