तीसजणांचा वर्ग आणि एक सर्व्हर



व्हिडिओ कॉलच्या सर्व्हरवर बोलायचं तर लोक पुण्या-मुंबईचं सभागृह शोधतात. मला हा विषय अक्कलकुव्यातच मांडायचा होता. देवगोईचा घाट चढून मोलगीकडे निघालं की फोनवरची रेंज कशी जात-येत राहते, हे इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग फोनवर आले. त्याच वर्षी १३ एप्रिलला ई-संजीवनीची ओपीडी सुरू झाली. मोहालीच्या सी-डॅकने घडवलेली ही सेवा. आरोग्य केंद्रातून दूरच्या डॉक्टरांशी बोलण्याची तिची सोय त्याआधीच, नोव्हेंबर २०१९ मध्ये आली होती. म्हणजे शिक्षण आणि औषधोपचार, दोन्ही या तंत्रावर येऊन बसले. म्हणून माझं म्हणणं असं, की सर्व्हर किती माणसं पेलतो हे मोजायचं असेल, तर त्यातल्या सगळ्यांत कमजोर लाइनवरच्या माणसाला काय ऐकू आलं, तिथून मोजायला सुरुवात करावी.

आता हिशोब मांडू. तीसजणांचा वर्ग धरा. सर्व्हरच नसेल आणि प्रत्येकाने आपलं चित्र इतर २९ जणांना थेट पाठवलं, तर एकूण ८७० प्रवाह होतात. एका चित्राला सेकंदाला अर्धा मेगाबिट धरला, तरी प्रत्येक फोनला साडेचौदा मेगाबिट वर चढवावे लागतील. आपल्याकडे तर सोडाच, शहरातही अनेकांचा फोन तिथंच मान टाकेल.

मग मध्ये सर्व्हर येतो. जुनी रीत अशी, की सर्व्हरने तिसांची चित्रं उलगडायची, एकत्र जुळवायची आणि पुन्हा आवळून पाठवायची. याने फोनचं ओझं उतरतं, पण सर्व्हरचा प्रोसेसर थोड्याच वर्गांत थकतो. दुसरी रीत मला अधिक शहाणपणाची वाटते. सर्व्हरने चित्र उघडायचंच नाही, आलेलं पॅकेट पुढे धाडायचं. स्ट्रासबर्ग विद्यापीठात एमिल इवोव्ह यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या कामातून पुढे जित्सी उभं राहिलं, त्याचा सर्व्हर असाच चालतो. त्याचा सगळा कोड खुला आहे. अक्कलकुव्यातल्या कॉलेजची मुलंही तो उतरवून घेऊन चालवू शकतात, आणि त्यांनी चालवावा अशी माझी फार इच्छा आहे.

पण पुढे धाडण्यालाही किंमत असते. तिसांपैकी प्रत्येकाला बाकीच्या सगळ्यांचं चित्र द्यायचं, तर सर्व्हरमधून ८७० प्रवाह बाहेर पडतात. ते झाले ४३५ मेगाबिट. एक गिगाबिटच्या नेटवर्क कार्डावर असे दोनच वर्ग! बाराशे बाइटचं पॅकेट धरलं, तर एका वर्गापायी सेकंदाला सुमारे पंचेचाळीस हजार पॅकेटं बाहेर जातात.

इथं सॉकेटचा संबंध येतो. प्रोग्रॅमला नेटवर्कशी बोलण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीम जे टोक हातात देते, ते सॉकेट. १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्समधून ही पद्धत पसरली आणि आजही टिकून आहे. सॉकेटला लागणारे क्रमांक, म्हणजे पोर्ट, ६५,५३५ एवढेच, म्हणून सर्व्हरलाही तेवढीच माणसं जोडता येतात, असा समज विद्यार्थ्यांमध्ये हमखास सापडतो. तसं नाही. पॅकेट कुणाचं हे पाठवणाऱ्याचा पत्ता आणि पोर्ट पाहून ओळखता येतं, त्यामुळे एकाच पोर्टवर हजारो माणसं घेता येतात. जित्सीचा सर्व्हर १०००० या एकाच पोर्टवर सगळं चित्र आणि आवाज घेतो. अडचण वेगळीच असते. प्रत्येक पॅकेटासाठी प्रोग्रॅमने कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, वेगळी हाक मारली, तर बराच दम हाका मारण्यातच जातो. २०११ पासून लिनक्समध्ये सेंडएमएमएसजी (sendmmsg) ही सोय आहे. एका हाकेत पॅकेटांचा गठ्ठाच सोपवता येतो.

तरीही खरी बचत कोडच्या कसबात नसते, काय पाठवू नये हे ठरवण्यात असते. वर्गात बोलतात गुरुजी. फक्त त्यांचंच चित्र २९ जणांना दिलं, तर ४३५ मेगाबिटचे साडेचौदा होतात.

आता एक बिघाड जरा जवळून पाहू. व्हिडिओत दर वेळी पूर्ण चित्र जात नाही. आधीच्या चित्रापेक्षा जे बदललं, तेवढंच जातं. घाटापलीकडच्या मुलीच्या फोनवर मधली काही पॅकेटं हरवली, की पुढचा बदल कशावर बसवायचा हे तिच्या फोनला कळत नाही. तो सर्व्हरला म्हणतो, पूर्ण चित्र पाठवा. सर्व्हर ती मागणी गुरुजींच्या फोनकडे नेतो. गुरुजींचा फोन मोठं, पूर्ण चित्र काढतो आणि ते सगळ्यांना जातं. अशी पाच-सहा मुलं वेगवेगळ्या क्षणी मागू लागली, की लाइन पूर्ण चित्रांनीच भरते आणि धुळ्यात चांगल्या फायबरवर बसलेल्याचंही चित्र खराब होतं. मग दोष मात्र त्या मुलीच्या नेटवर्कला दिला जातो. हे मला अजिबात मान्य नाही. चूक सर्व्हरच्या रचनेची आहे. मागण्या एकत्र करून ठरावीक अंतरानेच पुढे न्याव्यात. गुरुजींकडून लहान, मध्यम, मोठं अशा तीन आकारांत चित्र घ्यावं आणि ज्याची लाइन जेवढी, तेवढंच त्याला द्यावं. यात गुरुजींच्या फोनवर थोडं जास्त ओझं पडतं, ते पडू द्यावं.

आणि लाइन त्याहून खाली गेली तर चित्र बंद करून आवाज राखावा. उपकेंद्रात आलेली बाई पावरी किंवा भिलोरीत बोलते, आशाताई ते मराठीत सांगते, पलीकडे डॉक्टर ऐकतात. त्यातला एक शब्द गळला तर ताप किती दिवसांचा हेच बदलतं.

आवाजाचं गणित तर फार आशादायक आहे. ओपस या पद्धतीत सेकंदाला २४ किलोबिटमध्ये बोलणं स्वच्छ कळतं. ते वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे करून पाठवतात, म्हणजे सेकंदाला पन्नास पॅकेटं. एका पॅकेटात आवाज ६० बाइट, आणि वर पत्ता वगैरे मजकूर निदान ४० बाइट! नुसत्या पत्त्यांनाच १६ किलोबिट लागले. तुकडा साठ मिलिसेकंदांचा केला, तर हा खर्च सव्वापाच किलोबिटवर येतो. आवाज ४० मिलिसेकंद उशिरा पोचतो एवढंच. एका बाजूने दुसऱ्या बाजूला आवाज पोचायला १५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागला तरी संभाषण सुरळीत चालतं, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं मार्गदर्शन आहे. मुंबईचा सर्व्हर इथून फायबरने जेमतेम दोन-तीन मिलिसेकंदांवर आहे. वेळ खाते ती टॉवरवरची रांग. काठीच्या होळीला हजारो माणसं एका टॉवरखाली जमतात, तेव्हा ही रांग कशी वाढते ते आठवा. ही रांग नसेल, तेव्हा ते चाळीस मिलिसेकंद आपल्याला सहज परवडतात. पण ही निवड सर्व्हर लिहिणाऱ्याने करून ठेवलेली असली पाहिजे. फोन धरून बसलेल्या आशाताईला ती करता येत नाही.

सभागृहात इंजिनिअरिंगची मुलं दिसतात, त्यांना एक काम सांगतो. लिनक्समध्ये नेटएम नावाचं साधन आहे. त्याने चांगली लाइन मुद्दाम बिघडवता येते. एका श्रोत्याची लाइन ६० किलोबिटवर आणा, दहा टक्के पॅकेटं गाळा, तीनशे मिलिसेकंदांचा उशीर घाला. मग बाकीचे २९ जण जोडा आणि त्या एकाला गुरुजींनी सांगितलेला पाढा लिहून काढायला सांगा. पाढा चुकला, तर एकतिसावा माणूस जोडू नका.