विडिया कटर घेण्याआधी

 

मागच्या भागानंतर बेळगावहून, इंदूरहून आणि इथल्याच हाथखोजच्या एका वर्कशॉपमधून जवळपास एकच प्रश्न आला. "सर, कार्बाइडचं एंडमिल महागाचं आणलं, चार जॉबांत गेलं. मग एचएसएस काय वाईट?" आज त्याबद्दलच बोलू. मी निवृत्त फौजी माणूस. फौजेत बरीच वर्षं यंत्रं आणि ती चालवणारी माणसं सांभाळली. आता शेजारपाजारच्या पोरांच्या शेडमध्ये जाऊन बसतो आणि न विचारता सल्ले देतो.

आधी नावाचा गोंधळ दूर करू. आपल्याकडे ऑपरेटर कार्बाइडला 'विडिया' म्हणतो. ते एका जर्मन कंपनीचं व्यापारी नाव. 1920च्या दशकात जर्मनीत टंगस्टन कार्बाइडची पूड कोबाल्टमध्ये बांधून हा पदार्थ तयार झाला आणि क्रुप कंपनीने तो 1926 साली 'विडिया' म्हणून बाजारात आणला. जर्मन भाषेतल्या 'हिऱ्यासारखा' या शब्दांवरून ते नाव आलं. हिऱ्यासारखा कडक हे खरं, पण हिऱ्यासारखाच ठिसूळही. हा दुसरा भाग आपण विसरतो आणि पैसे तिथेच बुडतात.

दुकानात तीन प्रकार मिळतात. एक, स्टीलच्या दांड्यावर कार्बाइडच्या टिपा ब्रेझ केलेलं एंडमिल. दोन, सॉलिड कार्बाइड, म्हणजे अख्खं कटर कार्बाइडचं. तीन, इन्सर्टचं, ज्यात टीप स्क्रूने बसते आणि झिजली की फिरवायची किंवा बदलायची. ब्रेझ केलेल्या टिपेत एक मूळची अडचण असते. तापल्यावर स्टील जेवढं पसरतं, त्याच्या जवळपास निम्मंच कार्बाइड पसरतं. दोघं एका डागाने जोडलेले. कटर फार तापलं, किंवा ग्राइंडिंग करून लाल झालेलं पाण्यात बुडवलं, की डागाजवळ बारीक तडा जातो. डोळ्याला दिसत नाही, जॉबवर दिसतो.

मग घ्यायचं कोणतं? ते तुमचं मशीन ठरवतं. इथे थोडा हिशेब करू, पाटीवर लिहून घ्या. कटिंग स्पीड मीटर प्रति मिनिट घ्या, त्याला 318ने गुणा आणि कटरच्या व्यासाने भागा. आरपीएम आला. साध्या माइल्ड स्टीलवर एचएसएस साधारण 25 ते 30ने चालवतात. कार्बाइड 100च्या आसपास धरू. आता 12 मिलिमीटरचं कटर. एचएसएसला 25ने 660च्या आसपास आरपीएम लागतात. कार्बाइडला 2650. तुमच्या शेडमधलं जुनं मिलिंग मशीन 1800वर थांबतं. म्हणजे तुम्ही 12च्या कार्बाइडला 68 मीटरच्या वर नेऊच शकत नाही. 6 मिलिमीटरचं असेल तर 34 मीटर, म्हणजे जवळपास एचएसएसचाच वेग. पण हेच 25 मिलिमीटरचं कटर घ्या. त्याला 1270 पुरतात. तिथे जुनं मशीनही कार्बाइडला न्याय देतं.

म्हणून माझा साधा सल्ला. जुन्या, कमी आरपीएमच्या मशीनवर मोठ्या व्यासाला टिपेचं किंवा इन्सर्टचं कटर घ्या. बारीक की-वे, बारीक खाचा यांना कोबाल्टवालं एचएसएस ठेवा. ते वाकेल, थोडं सोसेल. सीएनसी असेल, स्पिंडल घट्ट असेल, तर बारीक व्यासाला सॉलिड कार्बाइड खुशाल घ्या. ते स्टीलपेक्षा जवळपास तिप्पट ताठ असतं, त्यामुळे खाचेची भिंत सरळ येते.

दुसरी गोष्ट, जॉबचं मटेरियल. इन्सर्टच्या डबीवर एक अक्षर आणि रंग असतो. पी, निळा, म्हणजे स्टील. एम, पिवळा, स्टेनलेस. के, लाल, बीड. एन, हिरवा, ॲल्युमिनियम-पितळ वगैरे. ते अक्षर न बघता "भारी वाला दे" म्हणून आणू नका. ॲल्युमिनियमला दोन किंवा तीन दातांचं, मोठ्या खाचांचं कटर लागतं, नाहीतर चिप अडकते. त्यावर टायटॅनियम-ॲल्युमिनियमचं जांभळट-काळं कोटिंगही नको, कारण ॲल्युमिनियम त्याला चिकटतं. स्टीलला चार दात ठीक.

आता आपल्या भिलाईचा खास आजार. 1959 साली इथे पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासून या गावाला लोखंडाची कमी नाही. प्लेट भरपूर, आणि ती गॅसने कापलेली येते. गॅसच्या कापाची कड बाकीच्या प्लेटपेक्षा कडक झालेली असते, वर स्केलही असतं. पोरं तशीच ती वाइसमध्ये धरतात आणि पाव मिलिमीटरचा कट देतात. म्हणजे कटरची धार नेमकी त्या कडक सालीतूनच चालते. आधी हँड ग्राइंडरने कड साफ करा आणि पहिला कट सालीच्या खाली जाईल इतका घ्या. कोल्हापूर-बेळगावच्या बीडाच्या कास्टिंगलाही हेच लागू, तिथे सालीत वाळू असते. रुळाचा तुकडा मिळाला म्हणून त्याचा ब्लॉक करायला घेता, तेव्हा तो माइल्ड स्टील समजू नका. रुळाचं पोलाद बरंच कडक असतं, वेग खाली आणा. आणि क्रशरचा मँगनीज लायनर आला तर कटर त्यावर घासत ठेवू नका. घासलं की तो जागेवरच आणखी कडक होतो.

तिसरी गोष्ट फीड. कार्बाइड महाग म्हणून ऑपरेटर हळू चालवतो, आणि तिथेच चुकतो. 12चं चार दातांचं कटर, 1800 आरपीएम, दर दाताला 0.05 मिलिमीटर धरलं तर टेबल मिनिटाला 360 मिलिमीटर जायला हवं. तुम्ही 100ने नेता. म्हणजे दाताला 0.014. दात कापत नाही, घासतो. घासला की तापतो, तापला की टीप जाते. वेळ वाचवायचा नसेल तरी कटर वाचवण्यासाठी फीड वाढवा आणि कटाची खोली कमी करा.

कुलंट द्यायचं तर धो-धो द्या, नाहीतर स्टीलवर कोरडं चालवून हवा मारा. डब्यातून ब्रशने मधूनमधून शिंपडणं सगळ्यांत वाईट. तापलेल्या टिपेवर गार थेंब पडले की तडा जातो. जुन्या मशीनच्या टेबलला मागेपुढे खेळ असेल तर डाउन मिलिंग करू नका. कटर जॉब ओढून घेईल आणि एका क्षणात सगळं तुटेल.

आता एक गोष्ट सांगतो. ही माझी चूक आहे.

नव्वद सालच्या आधीची गोष्ट. मी तेव्हा कॅप्टन होतो. माझ्या हाताखाली मिलिंगवर साताऱ्याकडचा एक हवालदार होता. एका फोर्जिंगमध्ये 20 मिलिमीटरची खाच पाडायची होती. विडियाच्या टिपेची कटरं मोठ्या मुश्किलीने मागवलेली. एका दिवसात त्याच्या हातून तीन गेली. तो म्हणाला, "साहेब, कॉलेट बघून घ्या, मला ठीक वाटत नाही." मी म्हणालो, "हाताकडे बघ, कॉलेटकडे नको." निष्काळजीपणा म्हणून नोंद केली आणि काम पुरं होईपर्यंत त्याची सुट्टी थांबवली. सुट्टी बहिणीच्या लग्नासाठी होती.

चौथं कटरही गेलं, आणि या वेळी मशीनवर दुसरा माणूस होता. तेव्हा मी स्पिंडलला डायल लावला. 0.08 मिलिमीटरचा धक्का. कॉलेटचं तोंड घंटेसारखं उघडलेलं होतं. जिथे दाताने 0.05 खायचं, तिथे 0.08चा धक्का म्हणजे सगळा भार एकाच दातावर. कोणाच्याही हाताने ते कटर टिकलं नसतं. नोंद मी खोडली, सुट्टीही दिली. लग्न चार दिवसांपूर्वी झालं होतं. तो काही बोलला नाही, सॅल्यूट केला आणि गेला. अजून आठवतो.

मागच्या महिन्यात इथल्या एका शेडमध्ये गेलो. मालक तरुण, बँकेचं कर्ज काढून मशीन घेतलेलं, कटरं तुटतात म्हणून ऑपरेटरचा पगार कापायला निघालेला. मला म्हणाला, "काका, हा पोरगा हात आपटतो." मी म्हटलं, "आधी डायल आण." कटर ड्रिल चकमध्ये धरलेलं होतं! ड्रिल चक आडवा भार घेण्यासाठी नाही. कॉलेट घेतला, पुसून बसवला, धक्का 0.02च्या आत आणला. कटर तेच, पोरगा तोच. संध्याकाळपर्यंत चाललं. पगार कापला नाही.

जाता जाता आरोग्याचं. विडियाला धार लावायला हिरवं सिलिकॉन कार्बाइडचं व्हील किंवा हिऱ्याचं व्हील लागतं. साधं व्हील एचएसएससाठी. आणि ती धूळ फुफ्फुसाला वाईट, त्यात कोबाल्ट असतो. मास्क लावा, धूळ ओढायची सोय करा. चष्म्याशिवाय मिलिंगवर उभं राहू नका. तुटलेली टीप गोळीसारखी येते, आणि गोळी कशी येते ते मला माहीत आहे.

तर कटर घेण्याआधी चार प्रश्न. मशीन किती आरपीएम देतं? जॉब कशाचा, त्यावर साल आहे का? कटर कशात धरणार? धक्का किती? उत्तरं आली की दुकानात जा. आणि कटर तुटलं तर माणसावर ओरडण्याआधी डायल लावा. दोन मिनिटं लागतात.

पुढच्या भागात कॉलेट आणि होल्डरची निगा. प्रश्न पाठवत राहा. जय हिंद, जय महाराष्ट्र, आणि आमच्याकडचं जय जोहार.