शैक्षणिक कर्ज : सहीआधी हिशेब मांडा
(शाखेच्या सर्वसाधारण सभेतील भाषण)



महागाई भत्ता, बदल्या, रिक्त जागा यांवर आपण नेहमीच बोलतो. आज मुलांच्या शैक्षणिक कर्जावर बोलतो. कारण त्या कागदावर मुलाच्या सहीशेजारी सहकर्जदार म्हणून आपली सही असते.

बँक सांगते, शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ता नाही. खरे आहे. पण थांबतो तो हप्ता, व्याज नव्हे. समजा, इंजिनिअरिंगची चार वर्षे, दरवर्षी सुरुवातीला 1 लाख रुपये उचलले, सरळव्याज 10 टक्के. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे व्याज चढते, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन वर्षांचे. एकूण 1 लाख 40 हजार. हे व्याज मुद्दलात मिळवतात आणि परतफेड 5 लाख 40 हजारांवर सुरू होते. पुढे व्याजावरही व्याज!

दहा वर्षांच्या मुदतीला हप्ता पडतो सुमारे 7,136 रुपये. पहिल्या हप्त्यातले 4,500 व्याजातच जातात. एकूण भरणा 8 लाख 56 हजार. हप्ता हलका व्हावा म्हणून पंधरा वर्षे घेतली, तर तो 5,803 वर येतो, पण भरणा 10 लाख 44 हजारांवर जातो.

यावर उपाय आहे. शिक्षण चालू असतानाच व्याज भरत चला. पहिल्या वर्षी महिना 833 रुपये, चौथ्या-पाचव्या वर्षी 3,333. मग परतफेड 4 लाखांवरच सुरू होते, दहा वर्षांचा हप्ता 5,286. आधी भरलेले व्याज धरूनही 82 हजार वाचतात. असे व्याज भरणाऱ्यास बऱ्याच बँका दरात 1 टक्का सूट देतात. ती मागून घ्या.

आपण 52 वर्षांचे असताना कर्ज घेतले, तर हप्ते 57 व्या वर्षी सुरू होतात आणि निवृत्तीनंतर सात वर्षे चालतात. मुलाला नोकरी मिळाली नाही, तर बँक आपल्याच दारात येते.

सरकारने 2009 मध्ये या काळातल्या व्याजाची सवलत आणली, पण साडेचार लाखांवर कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना ती नाही. 2024 च्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना व्याजात 3 टक्के सवलत आहे, तीही निवडक संस्थांपुरती. ही उत्पन्नमर्यादा वाढवा, ही आपली मागणी आहे.

मुलांना जरूर शिकवा. मात्र सही करण्यापूर्वी कागद घेऊन शाखा कार्यालयात या. हिशेब आपण मिळून मांडू.

कामगार एकजुटीचा विजय असो!