आपला अर्ज आपल्या बोटांनी



अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांतले कार्यकर्ते आज इथे आहेत. अर्ज लिहिणे, तक्रार नोंदवणे, माहिती अधिकारात माहिती मागणे ही आपली नेहमीची कामे. म्हणून मी एक साधा प्रश्न विचारतो. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, त्याचा अर्ज कोण लिहिते?

भाऊ लिहितो, नवरा लिहितो, नाहीतर शेजारची शिकलेली मुलगी लिहिते. आता फोनही लिहितो. आपण बोलायचे, त्याने अक्षरे उमटवायची. त्यामुळे पुष्कळांना वाटते, की ब्रेलचे दिवस संपले. मला वाटते, फोन हातात आला म्हणून ब्रेल अधिक कामाचे झाले आहे.

एका अंध बाईचा विचार करा. दोन खोल्यांचे घर आहे, त्यात सात माणसे राहतात. तिला सासरच्या त्रासाबद्दल तक्रार करायची आहे. तलाकचा प्रश्न असेल, पोटगीचा असेल, मारहाणीचा असेल. तिने फोनपुढे बोलायचे म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांच्यासमोरच ती वाचून दाखवायची. लिहून घेणारा भाऊ भला असला, तरी काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे तोच ठरवतो. किंवा अकोल्याहून बडनेऱ्याला निघालेल्या गाडीच्या डब्यात बसलेला एक तरुण घ्या. त्याने बँकेचा पासवर्ड मोठ्याने बोलावा काय? बोललेले सगळ्यांचे होते. लिहिलेले आपल्याला हव्या त्या माणसाला देता येते.

फोनच्या काचेवर ब्रेल लिहिता येते, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. ब्रेलमध्ये एका अक्षराची जागा सहा ठिपक्यांची. डावीकडे वरून खाली 1, 2, 3 आणि उजवीकडे 4, 5, 6. त्यांच्या जोडणीतून 63 आकार होतात. फोन आडवा धरायचा, पडदा आपल्यापासून बाहेरच्या बाजूला. डाव्या हाताची तीन बोटे आणि उजव्या हाताची तीन बोटे मागून पडद्यावर येतात. जे ठिपके हवेत, ती बोटे एकाच वेळी टेकवायची, की अक्षर उमटते. बोट एका बाजूला सरकवले की दोन शब्दांत जागा पडते, दुसऱ्या बाजूला सरकवले की अक्षर पुसले जाते. काय लिहिले ते इअरफोनमधून ऐकू येते. समोरच्याला दिसू नये म्हणून पडदा काळा ठेवण्याचीही सोय असते.

आयफोनवर ही सोय 2014 साली आली. अँड्रॉइडवर गूगलने 2020 च्या एप्रिलमध्ये टॉकबॅकमध्येच ब्रेल कळफलक दिला. त्यासाठी वेगळे यंत्र विकत घ्यावे लागत नाही. फोन आणि सहा बोटे पुरतात.

दुसरी गोष्ट आपल्या वऱ्हाडासाठी विशेष महत्त्वाची आहे. आपल्याकडे एकाच गल्लीत एक मूल मराठी शाळेत जाते आणि दुसरे उर्दू शाळेत. एक डावीकडून उजवीकडे लिहिते, दुसरे उजवीकडून डावीकडे. लिपीवरून आपण किती भांडलो आहोत! पण 1951 साली भारती ब्रेल ठरले, तेव्हा भारतीय भाषांतल्या सारख्या ध्वनींना सारखेच ठिपके दिले गेले. मराठीचा क म्हणजे 1 आणि 3. उर्दूचा काफही तोच. मराठीचा ल म्हणजे 1, 2, 3. उर्दूचा लामही तोच. म आणि मीम, स आणि सीन यांचेही तसेच. उर्दूच्या काही खास ध्वनींसाठी वेगळे आकार आहेत, पण सांगाडा एक आहे. आणि ब्रेलमध्ये उर्दूही डावीकडून उजवीकडेच लिहितात. उर्दू शाळेतून आलेल्या मुलाला मराठी ब्रेल शिकताना पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

कुणी म्हणेल, वऱ्हाडात न लिहिताही मोठी माणसे झाली. खरे आहे. संत गुलाबराव महाराज 1881 साली अमरावतीजवळच्या लोणी टाकळीला जन्मले. तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली. 1915 साली ते गेले, तोवर शंभरावर ग्रंथ त्यांनी सांगून लिहून घेतले. त्यांना लिहून घेणारे शिष्य होते. आपल्या मोहल्ल्यातल्या सलमाला आणि सुनीताला शिष्य कुठून मिळणार?

आता आपल्या काळातले उदाहरण घ्या. जळगावला टाकून दिलेली एक अंध मुलगी शंकरबाबा पापळकरांनी अचलपूरजवळच्या वझ्झरच्या आश्रमात वाढवली. तिचे नाव माला. तिने पदवी घेतली आणि लोकसेवा आयोगाची परीक्षा ती उत्तीर्ण झाल्याचे 2024 साली जाहीर झाले. त्याच वर्षी शंकरबाबांना पद्मश्री मिळाली. मालाने कोणत्या पदाची परीक्षा दिली, ते लक्षात घ्या: लिपिक-टंकलेखक. ज्यांना आपण लिहून देतो असे आपल्याला वाटते, त्यांच्यातलीच एक आता दुसऱ्यांची कागदपत्रे हाताळणारी आहे.

या सोयीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. काचेवर लिहिता येते, पण बोटांनी वाचता येत नाही. त्यासाठी उठणाऱ्या ठिपक्यांचे यंत्र लागते आणि ते महाग असते. ज्याला ब्रेलच येत नाही, त्याला हा कळफलक उपयोगाचा नाही. खरी अडचण इथेच आहे. फोन बोलतो म्हणून मुलांना ब्रेल शिकवणे मागे पडले, तर ती ऐकतील, बोलतील, पण ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षर, स्वतःच्या नावाचे स्पेलिंग त्यांच्या हाताखालून कधी जाणार नाही. ते शिक्षण अपुरे आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ब्रेलला संवादाचे साधन मानले आहे आणि अंध मुलांना योग्य भाषेत, योग्य पद्धतीने शिक्षण देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. ही कुणाची मेहेरबानी नाही.

मतदान यंत्रावर ब्रेलमध्ये अंक का असतात? अंध मतदाराचे मतही गुप्त राहावे म्हणून. जो न्याय मताला, तोच अर्जाला आणि पत्राला लावा.

म्हणून आपल्यासाठी तीन कामे सुचवतो. पहिले, आपल्या ओळखीतल्या प्रत्येक अंध व्यक्तीला विचारा, ब्रेल येते का? येत असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये ब्रेल कळफलक शोधा, भाषांच्या यादीत मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी यांपैकी काय आहे ते पाहा आणि चालू करून द्या. दुसरे, अंध मूल घरात बसलेले असेल, विशेषतः मुलगी, तर तिच्या आईवडिलांना भेटा. फोन घेऊन दिला म्हणजे शाळेची गरज संपत नाही, हे त्यांना समजावा. तिसरे, आपल्या सल्ला केंद्रावर अंध बाई आली, तर तिच्यासोबत आलेल्या माणसाला आधी विचारू नका. तिला विचारा, ‘तुम्ही स्वतः लिहिणार का?’ ती हो म्हणाली तर तिला वेळ द्या, शांत कोपरा द्या आणि सोबतच्या माणसाला बाहेर चहाला न्या.